चपट्या हाडांपासून सुरुवात : हाडांचे प्रकार ओळखायला शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी हाडांच्या प्रकारांची यादी अगदी सुरुवातीलाच समोर येते. लांब, आखूड, चपटी, अनियमित, कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यात) वाढणारी आणि हवेच्या पोकळ्या असलेली, असे सहा प्रकार आणि प्रत्येकाची दोन-तीन उदाहरणे एका बैठकीत पाठ होतात. मात्र प्रत्यक्ष हाड हातात आले की त्याचा प्रकार कोणत्या खुणांवरून ठरवायचा आणि तो ठरवल्याने पुढे काय कळते, हे त्या यादीतून समजत नाही. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात, शक्य तेथे स्वतःच्या शरीरावर बोटे ठेवून कराव्यात आणि अस्थिसंच जवळ असेल तर वाचता वाचता हाड हातात घ्यावे.

बहुतेक वर्गांत हाडांची ओळख मांडीच्या हाडापासून करून देतात, कारण ते सर्वांत लांब आहे आणि त्याचे भाग ठळक दिसतात. माझे मत थोडे वेगळे आहे. नवशिक्याने चपट्या हाडांपासून सुरुवात करावी. ही हाडे बऱ्याच ठिकाणी त्वचेच्या अगदी खाली असल्यामुळे बोटांना लगेच सापडतात, त्यांच्या एकाच कापलेल्या कडेवर घट्ट आणि स्पंजी असे अस्थीचे दोन्ही प्रकार दिसतात, आणि आतील अवयवांचे रक्षण, स्नायूंना जागा देणे व रक्तपेशी तयार करणे ही तिन्ही कामे त्यांत स्पष्टपणे पाहता येतात. हाडाचा आकार आणि त्याचे काम यांचा संबंध येथे एकदा कळला, की बाकीचे प्रकार समजायला फार वेळ लागत नाही.

पायरी पहिली : हाडाला तीन प्रश्न विचारणे

कोणतेही हाड हातात घेतल्यावर त्याचे नाव आठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. लांबी, रुंदी आणि जाडी यांपैकी कोणती बाजू इतर दोहोंपेक्षा उठून दिसते? हाडाला मधला दंड, म्हणजे लांबट दांड्यासारखा भाग, आणि त्याच्या टोकाला सांध्याचा गुळगुळीत भाग अशी रचना आहे का? आणि हाड कापले तर आत एकसलग पोकळी दिसेल, की केवळ जाळीदार अस्थी दिसेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डोळ्यांनी मिळतात. तिसऱ्यासाठी कापलेले हाड किंवा क्ष-किरण चित्र पाहावे लागते.

हे तीन प्रश्न येथेच पक्के करण्याचे कारण असे, की नवशिक्याची सर्वांत मोठी गफलत हाडाच्या एकूण मापावरून होते. बोटाच्या टोकाचे पेर दोन-अडीच सेंटीमीटरही नसते, तरीही ते लांब हाडांत मोडते, कारण त्याला दंड आहे, टोके आहेत आणि वाढीच्या वयात त्याच्या एका टोकाशी वाढीची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) असते. टाचेचे हाड त्याच्या कितीतरी पट मोठे असूनही आखूड हाडांत गणले जाते, कारण त्याची लांबी, रुंदी आणि उंची यांत फार तफावत नाही आणि आत सलग मज्जापोकळी नाही. प्रकार ठरतो तो प्रमाणावरून आणि रचनेवरून. हाड मोठे की लहान हा प्रश्नच येथे लागू नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांपैकी ८० मध्यवर्ती सांगाड्यात म्हणजे कवटी, कानातील अस्थी, जिभेखालचे हाड, पाठीचा कणा, बरगड्या आणि छातीचे हाड यांत आहेत, तर १२६ हात-पाय आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या भागांत आहेत. दोन्ही हातांच्या पंजांत ५४ आणि दोन्ही पावलांत ५२ हाडे असल्यामुळे एकूण हाडांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १०६ हाडे, केवळ पंजे आणि पावले यांतच आहेत.

पायरी दुसरी : स्वतःच्या शरीरावर चपटी हाडे शोधणे

आरशासमोर ताठ बसावे. दोन्ही कॉलर बोन जेथे मध्याशी जवळ येतात तेथे गळ्याच्या खाली एक खोलगट खाच लागते. ही उरोस्थीची, म्हणजे छातीच्या मधल्या चपट्या हाडाची, वरची कड होय. तेथून बोट सरळ खाली सरकवत न्यावे. सुमारे पाच सेंटीमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागतो. उरोस्थीचा वरचा तुकडा आणि मधला तुकडा येथे एकमेकांना हलका कोन करून मिळतात. या उंचवट्यावरून बोट बाजूला नेले की ते थेट दुसऱ्या बरगडीवर जाते.

हा उंचवटा नवशिक्याने पहिल्याच दिवशी शोधून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. पहिली बरगडी कॉलर बोनखाली दडलेली असल्यामुळे हाताला लागत नाही, म्हणून छातीवर बरगड्या मोजायच्या तर दुसरीपासूनच मोजाव्या लागतात. हृदयाचा ठोका छातीच्या डाव्या बाजूस पाचव्या आंतरबरगडी जागेत शोधतात, ईसीजीचे चौथ्या जागेतील इलेक्ट्रोड लावतात, फुप्फुसाचा आवाज ऐकताना जागेची नोंद करतात, या साऱ्यांची सुरुवात याच उंचवट्यापासून होते. जागा एका बरगडीने चुकली तर पुढची सगळी नोंद चुकते.

उरोस्थीवरून बोट आणखी खाली नेले की शेवटी एक लहान टोक लागते. हे टोक तरुणपणी कूर्चेचे असते आणि सुमारे चाळिशीपर्यंत हळूहळू अस्थीत बदलते. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या प्राथमिक उपचारात तळहाताचा दाब उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर द्यावा लागतो आणि प्रौढात ती किमान ५, परंतु ६ सेंटीमीटरहून जास्त नाही, इतकी खाली जावी लागते. हा दाब टोकावर येऊ देऊ नये, कारण त्याच्या लगेच मागे यकृत आहे. बरगड्यांच्या पुढच्या टोकांना लवचिक कूर्चा असल्यामुळेच हे चपटे हाड इतके खाली जाऊन परत वर येऊ शकते.

यानंतर एखाद्या सहाध्यायाची मदत घ्यावी. त्याला हात शरीरालगत सैल ठेवायला सांगून पाठीवर अंसफलक, म्हणजे आपण ज्याला खवाटा म्हणतो ते त्रिकोणी हाड, चाचपून पाहावे. त्याचे खालचे टोक साधारणपणे पाठीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर येते. आता त्या टोकावर बोट ठेवूनच सहाध्यायाला हात डोक्यावर उचलायला सांगावे. टोक बाहेरच्या आणि पुढच्या दिशेने सरकताना स्पष्ट जाणवते. हात पूर्ण वर जाण्यासाठी खांद्याच्या सांध्याबरोबर हे सबंध हाड छातीच्या पिंजऱ्यावर फिरते. त्याचा धडाशी हाडांचा सांधा कॉलर बोनमार्फतच येतो, बाकी ते स्नायूंनी धरलेले असते. या एका हाडाला १७ स्नायू जोडलेले आहेत आणि त्याच्या रुंद पत्र्यासारख्या आकाराचे प्रयोजन बव्हंशी तेच आहे.

शेवटी कवटी. कपाळ, डोक्याच्या दोन्ही बाजू आणि मागचा भाग यांवरून हात फिरवावा. बाजूला कानाच्या वर व मागे दोन्हीकडे थोडासा फुगवटा लागतो. पार्श्विकास्थीच्या, म्हणजे डोक्याच्या बाजूच्या चपट्या हाडाच्या, वाढीची सुरुवात या जागेतून होते.

पायरी तिसरी : आतली रचना पाहणे

चपटे हाड कापून त्याची कड पाहिली तर तीन थर दिसतात. बाहेर आणि आत घट्ट अस्थीचा एकेक पातळ पत्रा असतो आणि दोहोंच्या मध्ये छिद्रे-छिद्रे असलेली स्पंजी अस्थी असते. खोक्याचा पुठ्ठा फाडून पाहिला असेल तर ही रचना लगेच लक्षात येईल: दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी थर, त्यामुळे वजन कमी आणि वाकण्याला विरोध जास्त. कवटीत या मधल्या थराला डिप्लोई म्हणतात आणि त्यातून शिरांचे रुंद मार्ग जातात. कवटीच्या छताची जाडी सर्वसाधारणपणे सेंटीमीटरहून कमीच असते, तरी ती दैनंदिन धक्के सहज सोसते.

कवटीच्या दोन पत्र्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा पातळ आणि ठिसूळ असतो. म्हणून डोक्याला मार लागल्यावर बाहेरचा पत्रा शाबूत असूनही आतला तडकू शकतो. याचा सर्वांत गंभीर परिणाम कानशिलाजवळ होतो. गालाच्या आडव्या हाडाच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटीमीटर वर कपाळाचे, पार्श्विक, शंख (कानशिलाचे) आणि जतूकास्थी (कवटीच्या तळाचे) अशी चार हाडे एकत्र येतात. तेथे कवटी पातळ आहे आणि तिच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची मधली धमनी जाते. ही धमनी फाटली तर कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठते. रुग्ण काही काळ शुद्धीवर राहून बोलतो-चालतो आणि मग एकाएकी त्याची शुद्ध हरपते. कानशिलावर मार लागलेल्या माणसाला तो बरा दिसतो म्हणून लगेच घरी पाठवू नये, या सूचनेमागे इथल्या हाडाची रचना आहे.

ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांना हे थर स्वयंपाकघरातही पाहता येतील. खाटकाकडून आणलेल्या फऱ्याच्या भागात बकऱ्याचे चपटे अंसफलक असते, सीन्याच्या भागात उरोस्थी आणि बरगड्यांची टोके असतात, आणि नळीत लांब हाडाची पोकळी व तीत भरलेली पिवळसर मज्जा दिसते. शिजवून स्वच्छ केलेला फऱ्याचा तुकडा आणि नळीचा तुकडा शेजारी ठेवून कापलेल्या कडा पाहाव्यात. एकात मध्यभागी मोकळी जागा आहे, दुसऱ्यात नाही. चपट्या आणि लांब हाडांतील हा मूळ फरक चित्रापेक्षा येथे अधिक चांगला कळतो.

अस्थीच्या घटकांची कल्पना यावी म्हणून आणखी एक सोपा प्रयोग आहे. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि मधून मधून व्हिनेगर बदलावे. त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळून गेले की हाडाचा आकार तसाच राहतो, पण ते वाकू लागते. उरते ते कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन. हाडाचा ताठपणा क्षारांमुळे येतो आणि त्याची चिवटता कोलॅजेनमुळे, हे या वाकलेल्या हाडावरून समजते.

पायरी चौथी : अस्थिसंचातील चपटी हाडे हातात घेणे

अस्थिसंचातील हाडे खऱ्या माणसाची असतील तर ती कोणा व्यक्तीच्या शरीराचा भाग आहेत, याचे भान ठेवूनच त्यांना हात लावावा. ती टेबलावर घासू नयेत, त्यांवर पेनने खुणा करू नयेत आणि त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. कवटी उचलताना दोन्ही तळहात खालून द्यावेत. डोळ्यांच्या खोबणीत बोटे घालून ती उचलली तर आतील कागदासारखी पातळ अस्थी तुटते. भारतातून मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी आली. आता शिकण्यासाठी प्लास्टिकच्या प्रतिकृतीही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. बाहेरच्या खुणा शिकायला त्या पुरेशा आहेत, परंतु कापलेली कड आणि हाडाचे वजन त्यांत कळत नाही, म्हणून निदान एकदा तरी खरे हाड हाताळावे.

पहिले हाड अंसफलक घ्यावे. ते नळीच्या दिव्यासमोर धरले तर मागच्या काट्याच्या, म्हणजे आडव्या उंच कडेच्या, खालचा भाग इतका पातळ असतो की त्यातून प्रकाश झिरपताना दिसतो. सर्व बळकटी कडांत, काट्यात आणि खांद्याच्या खोबणीत एकवटलेली आहे. उजवे की डावे हे ठरवण्यासाठी तीन गोष्टी जुळवाव्या: खांदा ते कोपर यांमधल्या हाडाचे डोके बसणारी खोबण बाहेरच्या बाजूला, आडवा काटा मागच्या बाजूला आणि टोकदार कोन खाली. तिन्ही अटी पूर्ण झाल्या की हाड आपल्या खांद्यावर ज्या बाजूला बसेल ती त्याची बाजू. एखाद्या अपघातात अंसफलक मोडले असेल तर तपासणाऱ्याने फुप्फुसे आणि बरगड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जाड स्नायूंत गुंडाळलेले हे हाड मोडण्यासाठी आघात फार मोठा असावा लागतो.

पार्श्विकास्थीकडे वळताना आतली बाजू पाहावी. तिच्यावर फांद्यांसारख्या खाचा दिसतात आणि त्यांपैकी ठळक खाच पुढच्या-खालच्या कोनापासून निघते. ही वर उल्लेख केलेल्या धमनीची वाट आहे. हा कोन सापडला की हाडाची पुढची आणि खालची दिशा कळते, आणि बहिर्वक्र बाजू बाहेर ठेवली की उजवे-डावे ठरते.

बरगडी हे सर्वांत संख्येने अधिक असलेले चपटे हाड आहे. बारा जोड्या, म्हणजे २४. पैकी वरच्या सात जोड्या स्वतःच्या कूर्चेने उरोस्थीला जोडल्या आहेत, पुढच्या तीन जोड्यांच्या कूर्चा वरच्या कूर्चांना मिळतात आणि शेवटच्या दोन जोड्यांची टोके पुढे मोकळी आहेत. बरगडी लांबट दिसते म्हणून अनेकांना ती लांब हाडांत टाकण्याचा मोह होतो. पण तिची कड पाहिली तर दोन घट्ट पत्रे आणि मध्ये मज्जेने भरलेली स्पंजी अस्थी हीच चपट्या हाडाची रचना दिसते.

बरगडीची वरची कड गोलसर आणि खालची धारदार असते. खालच्या कडेच्या आतल्या बाजूला एक खोबण आहे आणि तिच्या आश्रयाने शीर, धमनी आणि मज्जातंतू या क्रमाने वरून खाली जातात. म्हणून फुप्फुसाभोवती साठलेले पाणी काढताना सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. बरगडी उलटी धरण्याची चूक परीक्षेत वारंवार होते. डोके (कण्याला जुळणारे टोक) मागे आणि खोबण खाली, एवढे लक्षात ठेवले तर ती टळते.

मज्जेविषयी येथे थांबून सांगणे आवश्यक आहे. जन्माच्या वेळी जवळजवळ सर्व हाडांत रक्तपेशी तयार करणारी लाल मज्जा असते. वय वाढते तसे हातापायांच्या लांब हाडांच्या दंडांत तिची जागा चरबीयुक्त पिवळी मज्जा घेते. प्रौढात लाल मज्जा मुख्यतः उरोस्थी, बरगड्या, कवटी, मणके, नितंबाचे हाड, आणि मांडीच्या व खांदा ते कोपर यांमधल्या हाडांची धडाजवळची टोके येथे उरते. म्हणजे आपल्या रक्तपेशींचा मोठा भाग चपट्या हाडांत आणि कण्यात तयार होतो. रक्ताच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी मज्जेचा नमुना नितंबाच्या हाडाच्या मागच्या वरच्या टोकातून घेतात. कमरेखाली पाठीवर दोन्ही बाजूंना ज्या लहान खळ्या दिसतात त्या याच जागेच्या खुणा आहेत. उरोस्थीतूनही नमुना घेता येतो, परंतु तिच्या मागेच हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असल्यामुळे नितंबाची जागा अधिक सुरक्षित मानली जाते.

पायरी पाचवी : बाळाच्या टाळूवरून वाढ समजून घेणे

घरात तान्हे बाळ असेल तर आजीने हलक्या हाताने टाळूवर तेल घालताना आपण पाहिलेले असते. तो मऊ भाग म्हणजे कवटीच्या चपट्या हाडांमधली अजून अस्थी न झालेली जागा. जन्माच्या वेळी अशा सहा जागा असतात. पुढची टाळू चौकोनी आणि मोठी असते, ती साधारणपणे दीड वर्षाच्या सुमारास भरते. मागची त्रिकोणी आणि लहान असते, ती दोन-तीन महिन्यांत भरते. प्रसूतीच्या वेळी ही हाडे किंचित एकमेकांवर सरकतात, त्यामुळे डोके मार्गातून बाहेर येऊ शकते, आणि पुढे मेंदू झपाट्याने वाढत असताना कवटीला वाढायला जागा मिळते.

जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू आत गेलेली दिसली तर शरीरातील पाणी कमी झाले आहे, आणि शांत असताना ती फुगलेली दिसली तर कवटीतील दाब वाढलेला असू शकतो. दोन्ही वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. टाळू दाबून "बसवण्याचा" प्रयत्न कोणी करू नये.

कवटीच्या छताची हाडे पातळ पडद्यात थेट अस्थी तयार होऊन वाढतात. हातापायांची बहुतेक हाडे आधी कूर्चेत आकार घेतात आणि मग अस्थी होतात. यावरून "सर्व चपटी हाडे पडद्यात तयार होतात" असा नियम अनेक जण लिहून ठेवतात. तो चुकीचा आहे. उरोस्थी, बरगड्या आणि अंसफलक चपटी असूनही कूर्चेतून तयार होतात, तर कॉलर बोन लांब असूनही बव्हंशी पडद्यात तयार होते.

पायरी सहावी : बाकीचे प्रकार चपट्यांशी ताडून पाहणे

लांब हाड म्हणजे दंड आणि दोन टोके. दंडाच्या भिंती जाड आणि घट्ट, आत मज्जापोकळी, टोकांत स्पंजी अस्थी. मांडीचे हाड उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. दंडावर एक लहान छिद्र शोधावे, ज्यातून पोषण करणारी धमनी आत शिरते. हातात या छिद्राची दिशा कोपराकडे आणि पायात गुडघ्यापासून दूर असते, आणि वाढ जास्त होणारे टोक तिच्या विरुद्ध बाजूला असते. पोकळ दंड वजन कमी ठेवूनही वाकण्याला व पिळण्याला विरोध करतो, तर चपट्या हाडाला हे काम दोन पत्र्यांच्या मदतीने करावे लागते.

आखूड हाडे मनगटात आठ आणि घोट्याजवळ सात. बाहेर घट्ट अस्थीचा पातळ थर, आत सर्व स्पंजी. अंगठ्याच्या बुडाशी अंगठा ताणल्यावर जो खड्डा दिसतो तेथे नौकास्थी हाताला लागते. हात टेकून पडल्यावर येथे दुखत असेल तर पहिल्या क्ष-किरण चित्रात काही न दिसले तरी दुर्लक्ष करू नये, कारण या हाडाच्या वरच्या भागाला रक्त खालच्या भागातून येते, आणि मधोमध मोड झाल्यास तो भाग मृत होऊ शकतो.

कंडरेत वाढणाऱ्या हाडांत गुडघ्याची वाटी सर्वांत मोठी. ती जन्मतः कूर्चेची असते आणि तीन ते सहा वर्षांच्या वयात अस्थी होऊ लागते. पायाच्या अंगठ्याच्या बुडाखाली अशीच दोन लहान हाडे असतात.

अनियमित हाडांत मणके येतात. कण्याच्या ३३ घटकांपैकी त्रिकास्थीचे पाच आणि माकडहाडाचे चार जुळून गेल्यामुळे प्रौढात २६ हाडे उरतात. हवेच्या पोकळ्या असलेली हाडे नाकाभोवती आहेत. सर्दीत कपाळ किंवा गाल जड होतो तो या पोकळ्यांमुळे. याशिवाय काही कवट्यांत शिवणींच्या, म्हणजे कवटीची हाडे जुळतात त्या, रेषेत लहान जादा हाडे सापडतात. डेन्मार्कचे वैद्य ओले वॉर्म यांच्या नावाने ती ओळखली जातात. त्यांना मोड समजू नये.

पायरी सातवी : एका चौकटीत न बसणारी हाडे

नितंबाचे हाड पुस्तकांत अनियमित म्हणून दिलेले असते, पण त्याचा वरचा पसरट भाग रचनेने चपटाच आहे. शंखास्थीचे वरचे पान चपटे, आतला भाग मात्र शरीरातील सर्वांत घट्ट अस्थींपैकी एक. कपाळाचे हाड चपटेही आहे आणि हवेची पोकळी असलेलेही. कॉलर बोनला लांब हाडांत गणतात, तरी तिच्यात मज्जापोकळी नसते. अशा हाडाविषयी विचारले असता एकच शब्द सांगून थांबू नये. कोणता भाग कोणत्या प्रकारचा आणि कशावरून, हे सांगणारा विद्यार्थी विषय समजलेला आहे असे परीक्षकाला कळते.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना सुश्रुतसंहितेतील वर्गीकरणही शिकावे लागते आणि मी ते इतरांनीही वाचावे असे म्हणेन. तेथे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार आहेत. गुडघा, नितंब, खांदा, गाल, तोंडातील टाळू, शंख आणि डोके येथील हाडे कपाल, दात रुचक, नाक-कान इत्यादींतील कूर्चा तरुण, बरगड्या, पाठ व छाती येथील वलय आणि उरलेली नलक. दात आणि कूर्चा धरल्यामुळे व मोजण्याची पद्धत निराळी असल्यामुळे तेथे ३०० हाडे येतात, तर चरकसंहितेत ३६०. त्याच सुश्रुतसंहितेत हाडे मोडण्याच्या प्रकरणात यांपैकी चार प्रकारांची मोडण्याची रीत वेगवेगळी सांगितली आहे: तरुण वाकतात, नलक मोडतात, कपाल भेगाळतात आणि रुचक फुटतात. लांब हाडाचा दंड आडवा किंवा तिरपा मोडतो, आणि कवटीला भेग पडते किंवा तिचा तुकडा आत दबतो, हे आजचा अस्थिरोगतज्ज्ञही क्ष-किरण चित्रात पाहतो. प्रकाराचे ज्ञान रुग्णाच्या खाटेशी उपयोगी पडते ते असे.

पायरी आठवी : तोंडी परीक्षेसाठी सराव

हाड समोर आल्यावर उत्तर ठरावीक क्रमाने द्यावे. आधी नाव आणि प्रकार, मग प्रकार ठरवण्याचे कारण, नंतर ते उजवे की डावे आणि कोणत्या तीन खुणांवरून, त्यानंतर ते शरीरात ज्या स्थितीत असते तसे धरून दाखवावे, आणि शेवटी त्याला लागून असलेल्या एका महत्त्वाच्या रक्तवाहिनीचा, मज्जातंतूचा किंवा दुखापतीचा उल्लेख करावा. अंसफलक, बरगडी आणि पार्श्विकास्थी या तिघांवर हा क्रम रोज थोडा वेळ म्हणून पाहावा. डोळे मिटून, हाड केवळ बोटांनी चाचपून बाजू सांगता येऊ लागली की मगच पुढच्या हाडाकडे वळावे. एका दिवसात तीनपेक्षा अधिक हाडे घेऊ नयेत, आणि प्रत्येक हाड ठेवण्याआधी त्याची कापलेली कड वहीत स्वतःच्या हाताने काढून तिच्यात घट्ट व स्पंजी अस्थी वेगळ्या रंगांनी भरावी.